इकोफेमिनिस्ट नजरेने कादंबरी वाचताय? 'नर्व्हस कंडिशन्स' वाचताना या चुका टाळा

इकोफेमिनिझम (म्हणजे बायकांवरची सत्ता आणि निसर्गावरची सत्ता यांचा संबंध तपासणारा स्त्रीवादी विचार) म्हटलं की बरेच जण कादंबरीत आधी नदी, झाड, पाऊस, चंद्र शोधायला लागतात, आणि सापडलं की लगेच लिहून मोकळे, 'इथे निसर्ग हे स्त्रीचं प्रतीक आहे'. मग पुढे काय लिहायचं ते सुचत नाही आणि पेपर दीड पानात आटपतो. ही तक्रार मी इतक्या मुलामुलींकडून ऐकलीये की म्हटलं एकदा नीट लिहावं, आणि हवेत बोलण्यापेक्षा एकच कादंबरी धरून लिहावं.

कादंबरी म्हणजे त्सित्सी डांगारेम्बगाची 'नर्व्हस कंडिशन्स', १९८८ ची. झिम्बाब्वेचं नाव ऱ्होडेशिया होतं तेव्हाची, १९६० च्या दशकातली गोष्ट. तांबू नावाची खेड्यातली, शोना या तिथल्या समाजातली मुलगी, तिला शिकायचंय, घरात फीचे पैसे एकाच पोराला पुरतात आणि ते पोर अर्थातच तिचा भाऊ न्हामो. पुढे १९६८ मध्ये तो वारतो आणि त्याच्या जागी तिला काकांच्या मिशनच्या शाळेत जायला मिळतं. पहिल्याच वाक्यात ती सांगते की भाऊ गेला त्याचं मला वाईट वाटलं नाही. (काकांना सगळे बाबामुकुरू म्हणतात, त्याचा अर्थ थोरले बाबा, आणि काकू मायगुरू म्हणजे थोरली आई. मराठी वाचकाला हे नातं समजावून सांगायला नको, त्यामुळे ही कादंबरी आपल्याला पटकन जवळची वाटते.)

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक वर सांगितलीच, स्त्री म्हणजे निसर्ग असं समीकरण मांडून बसणं. मी पण पहिल्या वाचनात न्यामारिरा नदीचं वर्णन तेवढं अधोरेखित केलं होतं, किती सुंदर आहे म्हणून, आणि मक्याच्या प्रसंगाची पानं भराभर उलटली होती. खरं तर सगळी गंमत मक्यात आहे.

काय होतं बघा. फीचे पैसे नाहीत म्हणून तांबूची शाळा बंद होते. ती म्हणते मला बी द्या, मी मका लावते, विकते आणि फी भरते. बाप हसतो. आई बापाला सांगते, दे तिला थोडं बी, करून बघू दे, तिचं तिलाच कळेल. आजी पूर्वी कसायची तो जुना तुकडा तांबू निवडते, साफ करते, खणते, पेरते, आणि हे सगळं घरची पाण्याची, शेताची, स्वयंपाकाची कामं उरकून. कणसं भरायला लागतात आणि गायब व्हायला लागतात. चोर कोण, तर सख्खा भाऊ, तो तिची कणसं शाळेत मित्रांना वाटत असतो! तरी राहिलेली कणसं घेऊन ती मास्तरांबरोबर उमताली शहरात जाते (आजचं मुतारे), तिथे एक गोरी बाई आधी मास्तरांवरच ओरडते की लहान मुलीला राबवता म्हणून, आणि मग मास्तर पोरीची करुण कहाणी रंगवून सांगतात तेव्हा दहा पौंड हातावर ठेवते. ते पैसे शाळेत जमा होतात तर बाप हेडमास्तरांकडे हजर, मुलगी माझी तर पैसा पण माझा.

या एका प्रसंगात काय काय आहे ते मोजा. बी कोणाच्या ताब्यात, अंगमेहनत कोणाची, पीक कोण उचलतं, भाव कुठे ठरतो, पैशावर हक्क कोण सांगतं. आपल्याकडे आपण विचारतो ना सातबाऱ्यावर नाव कोणाचं, तोच प्रश्न. अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी १९९२ च्या लेखात हाच मुद्दा मांडलाय, की बाईचं निसर्गाशी नातं जन्मजात नसतं, ते कामाच्या, मालकीच्या आणि सत्तेच्या वाटपातून घडतं. म्हणून पेपर अडकला असेल तर प्रतीकं बाजूला ठेवा, एक कोरा कागद घ्या आणि प्रत्येक प्रकरणात पाणी कोणी आणलं, जेवण कोणी रांधलं, आधी कोण जेवलं, शेवटी कोणाच्या वाट्याला काय उरलं एवढंच पान नंबर टाकून लिहा. दोन तासात तुमच्याकडे इतका मसाला जमतो की शब्दमर्यादा कमी पडेल.

दुसरी चूक, वसाहतवाद हा वेगळा विषय समजून सोडून देणं. आजी शेतात खुरपता खुरपता तांबूला इतिहास सांगते, दक्षिणेकडून कपटी जादूगार आले आणि त्यांनी आपल्या लोकांना चांगल्या जमिनीवरून हुसकावलं, आणि आपण आलो या करड्या, वाळूच्या, दगडधोंड्यांच्या मातीत जी त्या जादूगारांना पण नको होती. ही नुसती परीकथा नाहीये, १९३० च्या जमीन वाटप कायद्याने तिथली जवळजवळ निम्मी जमीन मूठभर गोऱ्यांसाठी राखून ठेवली होती. म्हणजे तांबूच्या वाफ्यातली माती निकस का आहे याचं उत्तर भूगोलात नाही, कायद्यात आहे. हे सोडलं तर सगळा दोष बाप आणि भावावर जातो आणि वाचन लंगडं होतं.

नदीबद्दल पण हेच. न्यामारिरावर बायकांची जागा वेगळी, उथळ पाण्याची, धुण्यासाठी सपाट खडकांची, पुरुषांची खोल पाण्याची. मग जवळ कौन्सिलची घरं होतात, दुकानं येतात, वर्दळ वाढते आणि पाणवठ्यावरची आधीची मोकळीक जाते. मग आईचा प्रसंग वाचा. तांबू आता गोऱ्या नन्सच्या शाळेत जाणार हे कळल्यावर आई अंथरूण धरते, खात नाही, पित नाही. तेव्हा मावशी लुसिया येते आणि तिला उठवून नदीवर घेऊन जाते, आंघोळ करायला लावते, धुणं धुवायला लावते. यावर 'निसर्गमातेच्या कुशीत आई बरी होते' असं लिहिलेलं वाचलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यात लुसिया पुसली जाते. नदी तर रोज तिथेच होती, तरी आई पडूनच होती. बरं करायला बहीण यावी लागली, बायकांच्या त्या जागेवर तिला घेऊन जाणारी. नदी आणि बहीण दोघी एकत्र वाचा.

न्याशाला विसरू नका. बाबामुकुरूंची मुलगी, इंग्लंडमध्ये वाढलेली तांबूची ही चुलत बहीण बापाच्या टेबलावरचं अन्न नाकारते, किंवा जबरदस्तीने खाते आणि उलटी करून टाकते. शेतीचा संबंध नाही म्हणून तिला इकोफेमिनिस्ट वाचनातून वगळतात, पण इथे शरीर हीच ताबा सांगायची जमीन झालीये. गावात अन्न कमी पडतं म्हणून बायका शेवटी जेवतात आणि मिशनच्या बंगल्यात अन्न भरपूर तर ते कधी आणि किती खायचं हे बाप ठरवतो. दोन्ही घरं शेजारी ठेवून वाचली की धागा आपोआप दिसतो.

एक छोटी चूक, थिअरीची गर्दी. फ्रान्स्वाझ दोबोनने १९७४ मध्ये इकोफेमिनिझम हा शब्द वापरला, १९९३ मध्ये मारिया मीस आणि वंदना शिवा यांचं त्याच नावाचं पुस्तक आलं, हे दोन ओळीत सांगून पुढे चला. चिपकोवर अख्खं पान खर्च करू नका, तांबूचा मका वाट बघतोय.

आणि शेवटची, जी मला सगळ्यात जास्त टोचते. गाव म्हणजे निसर्ग म्हणजे चांगलं, आणि शाळा, शहर म्हणजे मुळापासून तुटणं, असं ठरवून तांबूला दोषी धरायचं. वयात येण्याच्या कादंबरीत घर सोडणं असतंच, पण ती काय सोडून जातेय ते बघा ना. काकांच्या मिशनवर पोचल्यावर तिला फुलझाडं दिसतात आणि ती चकित होते, की जीव जगवायच्या कामाशिवाय, नुसत्या आनंदासाठी सुद्धा कोणी रोपं लावू शकतं. जी मुलगी लहानपणापासून मातीत हात घालत आलीये तिला मातीचा हा उपयोग पहिल्यांदा दिसतोय. या ओळीपाशी थांबा, आणि मग मागे जाऊन मक्याचं प्रकरण परत वाचा.