कमी पैशात मारामारीवाला भूतपट काढायचाय? नागपूरच्या पोट्ट्यांसाठी

कॅमेरा म्हणजे मोबाईल, बजेट म्हणजे सावजीचं एका जेवणाचं बिल, अन् सिनेमात कराटेही पाहिजे अन् भूतही. होते भाऊ, पण शूटिंगच्या आधी भुताचा नियम ठरवा, म्हणजे ते कशानं अडते अन् कशानं फसते. हाँगकाँगचा १९८५ चा मिस्टर व्हॅम्पायर पाहा, उड्या मारत येणारं प्रेत, कपाळावर पिवळा मंतरलेला कागद चिकटवला की जागच्या जागी ठप्प, अन् श्वास रोखला तर त्याला तुम्ही सापडतच नाही. श्वास रोखायला खर्च किती? शून्य. पण सगळी फाईट त्याच्यावर चालते, हाणा, थांबा, गाल फुगवा, परत हाणा.

आपल्याकडे हडळ आहेच की, उलट्या पायांची! मग लाथही उलटीच यायला पाहिजे, हिरो समोरून अडवून राहिला अन् टाच छातीवर. याला ग्राफिक्स-बिफिक्स काही लागत नाही. ज्याची मागं मारायची लाथ चांगली आहे (कराटेवाले उशिरो गेरी म्हणतात ती) असा पोट्टा घ्या, पांढरा गाऊन मागचा भाग पुढे करून घाला, लांब विग डोक्याच्या मागून पाठीवर मोकळा सोडा अन् त्याला कॅमेऱ्याकडे पाठ करून उभा करा. बघणाऱ्याला वाटते केसांनी तोंड झाकलंय अन् टाचा पुढे आल्या. हात गाऊनच्या आत ठेवा, नाहीतर कोपरं चुगली करतात.

ठोसा खरा मारायचा नाही, वीतभर लांबून जाऊ द्यायचा. कॅमेरा मारणाऱ्याच्या खांद्यामागं ठेवला की मधलं अंतर दिसत नाही, बाकी काम मार खाणाऱ्याचं, त्यानं मान उशिरा फिरवली तर झाला पोपट. शर्टावर आधी टाल्कम पावडर चोळा, नुसती लाथ टेकली तरी धूळ उडते. आवाज नंतर घरी, हाड मोडायला मुळा, ठोशाला ओला टॉवेल गादीवर आपटा.

रक्ताला लिक्विड ग्लुकोज, लाल खायचा रंग अन् चिमूटभर कोको, नाहीतर सरबत वाटते. सामान इतवारीत मिळून जाईल. मुंग्यांचं मात्र तुमचं तुम्ही पाहा.

जागेचं म्हणाल तर सीताबर्डीचा किल्ला विसरा, तो लष्कराकडे आहे. महालात कोणाचा जुना वाडा असेल तर सोनं, नाहीतर गच्ची. मे महिन्यात दिवसा शूट ठेवलं तर हडळीच्या आधी ऊनच हिरोला पाडेल, म्हणून रात्रीच करा, एक लाईट मागून मारा अन् मधे उदाचा धूर सोडा, एवढ्यात गच्चीची स्मशानभूमी होते. शेजाऱ्यांना अन् पोलीस स्टेशनला आधी सांगून ठेवा बरं, रात्री दोनला गच्चीवर पांढरा गाऊन पाहून कोणी काठी घेऊन वर आलं तर ती फाईट कोरिओग्राफ केलेली नसते.

एडिटिंगमध्ये मारामारीचा स्पीड ११० टक्क्यांपर्यंत वाढवा, जास्त नको, त्याच्या वर गेलं की हडळ चार्ली चॅप्लिनसारखी पळते.