टिळकांच्या खटल्यांची कागदपत्रं शोधताना या चुका टाळा

टिळकांवर राजद्रोहाचे तीन खटले झाले, असं सरसकट लिहिलं जातं आणि शोध तिथेच भरकटतो. १८९७ आणि १९०८ चे खटले मुंबई हायकोर्टात ज्युरीपुढे चालले. १९१६ चं प्रकरण फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०८ खालचं, म्हणजे राजद्रोही मजकूर पसरवणाऱ्याकडून चांगल्या वर्तनाची हमी घेण्याचं होतं. पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले, तो हुकूम हायकोर्टाने ९ नोव्हेंबर १९१६ रोजी रद्द केला. त्यात आरोपपत्र, ज्युरी, शिक्षा यांपैकी काहीच नव्हतं, त्यामुळे ते कागद सेशन्सच्या खटल्यांत शोधून हाती काही लागत नाही.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक म्हणजे ‘निकालपत्र’ मागणं. ज्युरी कारणं देत नसे. फोरमन, म्हणजे ज्युरीचा प्रमुख, फक्त दोषी की निर्दोष आणि मतांची विभागणी सांगे. १८९७ मध्ये सहा विरुद्ध तीन, १९०८ मध्ये सात विरुद्ध दोन. त्यामुळे कारणमीमांसा हवी असेल तर न्यायाधीशाने ज्युरीला केलेला समारोप मागा. १८९७ मधला न्या. स्ट्रॅची यांचा समारोप इंडियन लॉ रिपोर्ट्सच्या मुंबई मालिकेत, खंड २२, पान ११२ पासून आहे. पण लॉ रिपोर्ट म्हणजे खटल्याचं दप्तर नव्हे. त्यात कायद्याचा मुद्दा येतो, साक्षी, उलटतपासणी, पुराव्यातले कागद बहुधा गळतात. कलेक्टर जॅक्सनच्या हत्येनंतरच्या नाशिक खटल्यात मात्र विशेष न्यायासनापुढे ज्युरीच नव्हती, तिथे सकारण निकालपत्र आहे.

केसरी पुण्याचा म्हणून पुण्याच्या कोर्टात चौकशी करणारेही असतात. अंक मुंबईत वाटले गेले, म्हणून खटला मुंबईत चालला. शिवाय सरकारी बाजूचा पत्रव्यवहार, म्हणजे खटला भरायची परवानगी, अनुवाद, पोलीस अहवाल, कोर्टाच्या दप्तरात नसतो. तो महाराष्ट्र पुराभिलेख संचालनालयात न्याय खात्याच्या खंडांत आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गृह खात्याच्या फाइलींत बघावा लागतो. १९०८ ची शिक्षा सहा वर्षं काळ्या पाण्याची होती, पण ते अंदमानला गेले नाहीत. सरकारने शिक्षा साध्या कैदेत बदलून मंडालेला पाठवलं. अंदमानच्या यादीत नाव सापडत नाही, ते याचमुळे.

सूचीत नाव मिळत नसेल तर आधी राजमुकुट बघा: १८९७ चा खटला ‘क्वीन-एम्प्रेस’च्या नावाने, १९०८ चा ‘एम्परर’च्या. जागांची रोमन स्पेलिंगं जुनीच टाका, म्हणजे ‘पूना’, ‘नासिक’, ‘ठाणा’. दावर हे नाव दोनदा भेटलं तर गोंधळू नका. १८९७ मध्ये ते टिळकांचे वकील होते आणि १९०८ मध्ये शिक्षा सुनावणारे न्यायाधीशही तेच!

अग्रलेखांचा मजकूर पुराव्यातल्या इंग्रजी अनुवादावरून पुन्हा मराठीत आणू नका. तो अनुवाद कोर्टाच्या अनुवादकाचा, आणि १९०८ मध्ये टिळकांनी त्यावरच आक्षेप घेतला होता. १२ मे आणि ९ जून १९०८ चे मूळ अंक काढा. केसरी मंगळवारी निघे, तेव्हा दिलेली तारीख मंगळवारी पडते का, एवढं पाहिलं तरी छपाईच्या चुका पकडता येतात. शिक्षेची तारीख २२ जुलै. रात्री उशिरा सुनावल्यामुळे काही जण २३ लिहितात, तो टिळकांचा वाढदिवस.

टिपण पेन्सिलीनेच काढा, शाईचं पेन वाचनकक्षात चालत नाही. आणि फोटो काढण्याआधी खातं, वर्ष, खंड क्रमांक, कंपायलेशन (खंडात बांधलेल्या फाइलीचा) क्रमांक आणि पान एका चिठ्ठीवर लिहून त्या चिठ्ठीचा पहिला फोटो घ्या. नुसतं ‘न्याय खाते, १८९७’ एवढ्यावर तोच कागद दुसऱ्यांदा कुणालाच काढून देता येत नाही.