मलेरियाच्या यकृत-अवस्थेवर पीएचडी करायची म्हणताय?

यकृतावर काम करायचं म्हणून आलात, तरी निम्मा वेळ डासांपायी जाणार. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. मलेरियाचा परजीवी रक्तात उतरण्याआधी यकृतात वाढतो, आणि तिथे पोचतो तो डासाच्या लाळेतून.

आपण प्रयोगांत वापरतो तो उंदरांच्या मलेरियाचा प्लाझमोडियम बर्घाय हा परजीवी १९४८ साली बेल्जियन काँगोतल्या कटांगात, रानउंदराच्या रक्तात सापडला. कटांगा उंचावर, हवा गार. हा नुसता इतिहास नाही; डासांची खोली १९ ते २१ अंशांवर ठेवायची ती त्याचमुळे. आम्ही एका शुक्रवारी डासांना संसर्गित उंदराचं रक्त पाजलं आणि शनिवारी एसी बंद पडला. सोमवारी पारा २७ वर. डास मजेत होते, पण तीन आठवड्यांनी लाळग्रंथी उघडल्या तर स्पोरोझोइट (यकृतात शिरणारं परजीवीचं रूप) जवळपास नाहीतच. (डास मात्र आपल्या ओळखीचा: अ‍ॅनोफिलीस स्टिफेन्सी, मुंबईच्या गच्चीवरच्या टाक्यांत वाढतो तोच.)

ग्रंथी काढणं हाताला बसायला महिना लागतो. एक सुई छातीवर टेकवायची, दुसरीने डोकं अलगद ओढायचं. मानेमागून काचेसारखी चमकणारी तीन-तीन पाकळ्यांची जोडी येते. घाई केली की तुटते आणि आतच राहते. काढलेल्या ग्रंथी बर्फावर ठेवा, आणि मोजणी झाली की चहाला जाऊ नका. स्पोरोझोइट तुमच्यासाठी थांबत नाहीत.

आता माझी आठ महिन्यांची चूक. ग्रंथी चिरडून हेप-जी-२ या मानवी यकृत-कर्करोगाच्या पेशींवर घातल्या, तर दाहाशी संबंधित जनुकं उसळलेली दिसली. मी खूश. गाईडनी एवढंच विचारलं, "बिनसंसर्गाच्या डासांच्या ग्रंथी घालून पाहिल्यास का?" पाहिल्या. तीच उसळी! मी मोजत होते तो पेशींनी डासाच्या कचऱ्याला दिलेला प्रतिसाद. वर शंभरातल्या जेमतेम एखाद्या पेशीतच परजीवी शिरतो, म्हणजे अख्ख्या प्लेटचा आरएनए (कोणती जनुकं चालू आहेत ते सांगणारा रेणू) काढला तर उरलेल्या नव्व्याण्णव पेशींचंच ऐकू येतं. म्हणून हिरवा चमकणारा परजीवी वापरा, सॉर्टरवर (चमकेनुसार पेशी निवडणाऱ्या यंत्रावर) संसर्गित पेशी वेगळ्या करा, आणि त्याच प्लेटमधल्या कोऱ्या पेशीही मोजा.

हे जमलं की खरी मजा. परजीवीभोवतीच्या पटलावर काही तासांतच पेशीचं एलसी-३ हे, नको ते पचवून टाकणाऱ्या यंत्रणेतलं, प्रथिन गोळा होतं. यूआयएस-४ या त्याच पटलावरच्या परजीवीच्या प्रथिनाला रंग दिला की दोन्ही कडी एकावर एक दिसतात. काही परजीवी तिथेच संपतात, काही तगतात. इंटरफेरॉनचा (संसर्ग झाला की पेशी सोडतात त्या इशारा-प्रथिनाचा) प्रतिसाद पाहायचा असेल तर मात्र कर्करोगी पेशींवर विसंबू नका. उंदराच्या यकृतातून ताज्या पेशी काढा आणि त्यासाठी प्राणी-आचारसमितीचा अर्ज पहिल्याच महिन्यात टाका.

संसर्ग सोमवारी करा; शुक्रवारी केला तर ४८ तासांचा नमुना रविवारी येतो. आणि ६५ तासांच्या आसपास प्लेटमधलं माध्यम ओतून देऊ नका. परजीवींनी भरून पिकलेल्या पेशी तळ सोडून त्यातच तरंगत असतात. मी दोनदा सिंकमध्ये ओतल्यात.