नववीत नाच शिकायला सुरुवात केलीय? या चुका टाळा

जून संपत आला की आमच्या शाळेत नृत्याचा नवा वर्ग भरतो. परभणीकडची शाळा. हॉलला शहाबादी फरशी, वर पत्रे, आणि पाऊस लागला की पत्र्यावर असा दणका की मोबाइलवर लावलेला तबला मलाच ऐकू येत नाही. आठवी-नववीची तीसेक पोरं. पहिल्या आठवड्यात एक वाक्य हमखास कानावर येतं: "मॅडम, काय की बा, पाय उलटाच पडायलाय."

उलटा पडतो हे खरं. पण बहुतेक वेळा पायाचा काही दोष नसतो. मोजणीत गफलत असते, आणि ती कुठल्या मात्रेवर, म्हणजे तालाच्या कुठल्या ठोक्यावर, होते हे बोट ठेवून दाखवता येतं.

तत्कार सोडून चालायला लागणं

कथकचा पहिला धडा तत्कार. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. पाय पडतात ते असे: उजवा-डावा-उजवा-डावा, मग डावा-उजवा-डावा-उजवा. म्हणजे पहिल्या 'तत्'ला डावा पडला की पुढच्या 'आ'लाही डावाच. आता आपण रांगायचं सोडल्यापासून एकाआड एक पाय टाकत आलोय, त्यामुळं शरीर तिथं आपसूक उजवा पुढं करतं.

खरी गोम पुढं आहे. तीनतालाच्या मात्रा 16. नुसतं एकाआड एक पाय टाकत राहिलात तरी समेवर, म्हणजे पुन्हा पहिल्या मात्रेवर, उजवाच येतो, कारण 16 ही सम संख्या. पोराला वाटतं जमलं, बघणाऱ्यालाही वाटतं जमलं. एक मुलगी दिवाळीपर्यंत अशीच "चालत" होती आणि तीस जणांच्या थापांत मला ते कळलंच नाही. चूक तिची नव्हती, माझी होती.

ओळखायचं कसं? सोळाव्या मात्रेवर थांबा आणि बघा, आत्ता कोणता पाय पडला. उजवा असेल तर ठीक, कारण त्यानंतर समेवर पुन्हा उजवाच पडायचाय. डावा असेल तर तुमचा तत्कार चाललेला नाही, तुम्ही बाजाराला निघालाय.

दुरुस्ती बसून करायची. मांडी घाला, पायांऐवजी दोन्ही हात मांड्यांवर मारा आणि बोल मोठ्यानं म्हणा. तोच हात लागोपाठ दोनदा पडतो तो 5, 9, 13 या मात्रांवर आणि पुन्हा समेवर. आता तीनताल हातावर धरा: 1, 5 आणि 13 ला टाळी, 9 ला खाली, म्हणजे टाळी न वाजवता हात बाजूला. जागा त्याच! जिथं विभाग बदलतो तिथंच पाय दोनदा. हे एकदा डोक्यात बसलं की उजवा-डावा घोकत बसावं लागत नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका या परीक्षांना पुढं बसायचं असेल तर हातावर ताल धरून बोल म्हणायची ही सवय, म्हणजे पढंत, तिथंही कामाला येते. पोरं पढंतीचा कंटाळा करतात आणि तिथंच अडकतात.

दौलताबादच्या सहलीला गेलो की मी पोरांना एक गोष्ट सांगते. तेराव्या शतकात इथंच, देवगिरीच्या यादवांच्या पदरी, शारंगदेव नावाचा हिशोबनीस होता. 'संगीतरत्नाकर' त्यानं लिहिला. सात अध्याय, त्यातला सातवा अख्खा नर्तनावर. दिवसभर जमाखर्च बघणाऱ्या माणसानं नाचावर लिहिलं याचं पोरांना नवल वाटतं. मला नाही वाटत.

दुगुनीत टाळीच पळते

"आता दुगुन" म्हटलं की वर्गाला पंख फुटतात. पाय दुप्पट आणि हातही दुप्पट! दुगुनीत टाळी जागची हलत नाही, एका मात्रेत एकाऐवजी दोन बोल बसतात. जोडीदाराला टाळी धरायला लावा आणि त्याला सांगून ठेवा की माझ्याकडं बघू नको. बघितलं की तोही तुमच्या मागं पळतो. घरी कुणी नसेल तर भिंतीवरचं टिकटिकणारं घड्याळ घ्या. सेकंदाला एक मात्रा म्हणजे मिनिटाला 60, शिकाऊ माणसाला ठाय, म्हणजे संथ, लयीसाठी चांगला वेग. वीज गेली तरी हा ठेका चालूच राहतो, आमच्याकडं ही सोय लहान नाही.

मोबाइलवरचा उजवा हात

व्हिडिओ बघून घरी सराव केला आणि शनिवारी वर्गात सगळी स्टेप उलटी, हे दर वर्षीचं. समोर तोंड करून नाचणाऱ्याचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला दिसतो. काही शिकवणारे मुद्दाम आरशासारखं उलटं करून दाखवतात, काही नाही. त्यात सेल्फी कॅमेऱ्यानं काढलेला व्हिडिओ कधी उलटा साठतो, कधी सुलटा. तर्क करत बसू नका. शिकवणाऱ्यांना सरळ विचारा, "हे आरशातलं आहे का?" आणि शक्य असेल तर त्यांच्या पाठीमागून व्हिडिओ काढू द्या म्हणावं. आमच्यातल्या कितीतरी पोरांच्या उजव्या मनगटाला तुळजापूरचा नाहीतर कुठल्या यात्रेचा दोरा असतो. मी म्हणते, दोऱ्याचा हात वर. मग कुणी चुकत नाही.

फरशी, नडगी आणि "मॅडम, दुखायलंय"

शहाबादी फरशी घरात चांगली, नाचायला कठीण. ती तसूभर दबत नाही, सगळा धक्का पायात परत येतो. त्यात नव्या पोरांना आवाज मोठा काढायचा असतो, म्हणून गुडघा कंबरेपर्यंत उचलून टाच आपटतात. दोन आठवड्यांत नडगी ठणकायला लागते. तत्कारात पाय जमिनीपासून थोडासाच उचलायचा आणि अख्खा तळवा एकदम, सपाट पडायचा. आवाजावरून कळतं: तळवा सपाट पडला तर "थप्प" असा भरीव येतो, टाच आधी लागली तर "ठक" असा कोरडा. डोळे मिटून एकेकाचा पाय ऐका, वर्गात हा खेळ फार रंगतो. गुडघे सरळ, पण मागं ताणून कुलूप घातल्यासारखे नकोत. उडी असेल तर उतरताना आधी चवडा, मग टाच, आणि गुडघा वाकलेला.

फरशी टोचते म्हणून कुणी सतरंजी अंथरतं. नको. तिला घडी पडते आणि अंगठा अडकतो. पायमोजे घालून तर अजिबात नको, घसरून कपाळमोक्ष ठरलेला.

भरतनाट्यम शिकत असाल तर अरमंडीत, म्हणजे अर्ध्या बैठकीत, गुडघे आत झुकतात. गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेनंच राहिला पाहिजे. पाय जेवढे बाहेर वळतात तेवढेच वळवा. मैत्रिणीचे जास्त वळतात म्हणून आपले पंजे ओढून बाहेर काढले की पीळ गुडघ्याला बसतो.

दुखण्यातही फरक असतो. दोन्ही मांड्या, पोटऱ्या सारख्याच दुखत असतील आणि दोन-तीन दिवसांत उतरत असतील तर नव्या कामाचा शीण समजा. एकाच जागी बोट ठेवता येतं, सूज आहे किंवा पाय टेकवत नाही, तर नाच बंद. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं धरा आणि डॉक्टरांना दाखवा. घरचे "मालिश करून देतो" म्हणतील, पण ताज्या सुजेवर चोळू नये.

आणि मार्चमध्ये शाळा सकाळची झाली तरी दहानंतर पत्र्याखाली नाचू नका. पाण्याची बाटली जवळ ठेवा. मधल्या सुट्टीत डबा खाऊन लगेच गिरक्या घेतल्यावर काय होतं ते आमच्या हॉलनं पाहिलंय.

घुंगरांची घाई

पहिल्याच दिवशी शंभराचा पट्टा आणतात. पाय कच्चा असताना घुंगरू चूक झाकतं: सगळा हॉल छुमछुमतो आणि कुणाचं काय चुकलं ते सापडत नाही. तत्कार ठायीत स्वच्छ झाल्यावर पायाला पंचवीस-पन्नास पुरेत. बांधताना दोरी इतकी आवळू नका की वळ उठेल.

पोरांनी मागं लपणं

मुलगे मागच्या रांगेत, भिंतीला टेकून. गावात कुणीतरी "नाच्या" म्हणेल ही धास्ती. ही चूक त्यांची नाही, पण तोटा त्यांचाच होतो, कारण मागं काही दिसत नाही. त्यातलाच एखादा गणपतीत लेझीम खेळलेला असतो, दिंडीत पावली घातलेली असते, गोंधळातलं संबळ कानात असतं. लय त्याच्याकडं आधीच आहे. मी त्याला पुढं आणून टाळी धरायचं काम देते. पद्मविभूषण मिळवणारे कथक नर्तक बिरजू महाराज पुरुषच होते, हेही सांगते, पण टाळीचा उपयोग जास्त होतो.

गाण्याच्या शब्दांवर स्टेप पाठ करणं

डिसेंबरात गॅदरिंग आलं की सगळे ताल विसरून शब्दांच्या मागं लागतात: अमक्या ओळीला गिरकी, तमक्या ओळीला हात. एका वर्षी साउंडवाल्यानं आमच्या गाण्याची दुसरीच प्रत लावली. सुरुवातीचं नुसतं वाद्यांचं संगीत 16 मात्रांनी जास्त. निम्म्या पोरी सुरू झाल्या, निम्म्या थांबल्या, आणि पहिल्या रांगेतल्या सगळ्या विंगेत माझ्याकडं बघायला लागल्या. ज्या दोघी मोजत होत्या त्यांनी एक आवर्तन, म्हणजे त्या 16 मात्रा, जागेवर ठेका धरला आणि बाकीच्यांना ओढून समेवर आणलं. तेव्हापासून मी गाण्याशिवाय, नुसत्या मोजणीवर अख्खा नाच एकदा तरी करून घेते.

गाणं पेन ड्राइव्हवर आणि मोबाइलवर, दोन्हीकडं ठेवा. साउंडवाल्याला फाइलचं नाव कागदावर लिहून द्या. "फायनल" नावाच्या किमान तीन फाइली त्याच्याकडं आधीच असतात.