एअर कूलरवर सीपीयू आणि रॅम ओव्हरक्लॉक कशी करायची: आधी व्होल्टेज, मग मेगाहर्ट्झ

पहिल्यांदा ओव्हरक्लॉक करणारे, म्हणजे सीपीयू-रॅम ठरलेल्यापेक्षा जास्त स्पीडने चालवणारे, बहुतेक जण एकाच ठिकाणी चुकतात. बायोसमधे (बोर्डाच्या सेटिंग स्क्रीनमधे) जाऊन मल्टिप्लायर (सीपीयूचा स्पीड ठरवणारा गुणक) वाढवायचा, ब्लू स्क्रीन आली की व्होल्टेज वाढवायचं, चालतंय म्हणून अजून थोडं वाढवायचं, आणि तासाभरात कूलरचे फॅन फुल स्पीडला आणि टेंपरेचर ९५ ला. एअर कूलिंगवर हे बरोबर उलट्या बाजूने करायला लागतं, म्हणजे आधी व्होल्टेज ठरवून टाकायचं आणि मग त्या व्होल्टेजमधे चिप किती पळते ते शोधायचं.

का ते एकदा गणितात बघा. सीपीयू खातो ती पॉवर फ्रिक्वेन्सीच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. समजा ४.७ गिगाहर्ट्झला १.२० व्होल्ट लागत होते आणि तुम्ही ५.० साठी १.३५ दिले, तर स्पीड वाढला फक्त ६ टक्के आणि पॉवर वाढली साधारण ३५ टक्के. १२० वॅटचा सीपीयू १६० च्या घरात गेला आणि ती सगळी उष्णता त्याच हीटपाइपमधून, त्याच फॅनने बाहेर काढायचीय. म्हणून शेवटच्या १०० मेगाहर्ट्झसाठी भांडू नका, एअरवर तो सगळ्यात महाग पडतो.

सुरुवातीला हार्डवेअरला परवानगी आहे का ते बघून घ्या. इंटेलमधे नावात के असलेला सीपीयू आणि झेड सिरीजचा बोर्ड लागतो, अलीकडच्या बी सिरीजच्या बोर्डांवर रॅम वाढवता येते पण सीपीयूचा मल्टिप्लायर नाही. एएमडीमधे बहुतेक रायझन मोकळे असतात आणि एक्स किंवा बहुतेक बी सिरीजचा बोर्ड चालतो, ए सिरीजवर सीपीयू ओव्हरक्लॉक होत नाही. ५८००एक्स३डी सारख्या चिपचा मल्टिप्लायर लॉक असतो, तिथे रॅमवरच लक्ष द्या. आणि बायोस अपडेट केल्याशिवाय काहीच सुरू करू नका, विशेषतः इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीला, कारण जास्त व्होल्टेजमुळे त्या चिप खराब होत होत्या आणि त्यावर इलाज करणारे मायक्रोकोड (चिपच्या आतल्या सूचना) २०२४ मधे बायोस अपडेटमधूनच आले.

आता कूलर. टॉवर कूलरचा फॅन मागच्या एक्झॉस्टच्या दिशेने हवा ढकलतोय ना, बेसचं प्लास्टिक काढलंय ना, स्क्रू एक इकडचा एक तिकडचा असे थोडे थोडे आवळलेत ना, हे बघा. चिप आणि कूलरमधली थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी पुरते, मोठ्या चिपला किंचित जास्त. मग एक सोपी टेस्ट करा: फुल लोडवर टेंपरेचर स्थिर झालं की केसचं साइड पॅनल काढा आणि दहा मिनिटं थांबा. टेंपरेचर ५ अंशांपेक्षा जास्त उतरलं तर तुमचा कूलर ठीक आहे, केसमधे ताजी हवाच येत नाहीये. समोर इनटेक फॅन लावा, डस्ट फिल्टर धुवा, मगच पुढे जा. डब्यातली हवा एकच असते आणि ती सीपीयू, रॅम, ग्राफिक्स कार्ड सगळ्यांना वाटून घ्यायची असते, हे पुढे रॅमच्या वेळी फार महत्त्वाचं ठरणार आहे.

सीपीयूचं काम सुरू करताना रॅम डिफॉल्टवर ठेवा, एक्सएमपी (रॅमचं तयार जास्त स्पीडचं प्रोफाइल) बंद. दोन्ही एकदम वाढवलं आणि क्रॅश झाला तर दोष कोणाचा ते तुम्हाला कधीच कळणार नाही. एचडब्ल्यूइन्फो (टेंपरेचर-व्होल्टेज दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू करून स्टॉक सेटिंगवर सिनेबेंच (सीपीयूचा बेंचमार्क) दहा मिनिटं फिरवा आणि स्कोअर, टेंपरेचर, वॅट आणि लोडखालचं व्हीकोर लिहून ठेवा, वहीत लिहा, कारण बायोसमधे बसल्यावर काही आठवत नाही. व्हीकोर बघा, व्हीआयडी नाही, व्हीआयडी म्हणजे चिपने मागितलेलं व्होल्टेज आणि व्हीकोर म्हणजे खरोखर मिळालेलं.

तोच व्हीकोरचा आकडा बायोसमधे मॅन्युअल टाका. मग मल्टिप्लायर एकेकाने वाढवा, बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झ असतो म्हणजे ४८ चे ४९ केले की ४.९ गिगाहर्ट्झ, बेस क्लॉकला स्वतःला हात लावू नका. प्रत्येक पायरीला सिनेबेंच दहा मिनिटं. क्रॅश झाला तर दोनच रस्ते, एक पायरी खाली या किंवा ०.०१ ते ०.०२ व्होल्ट द्या, आणि व्होल्ट द्यायच्या आधी टेंपरेचरकडे बघा. इंटेलच्या बऱ्याच चिपची मर्यादा १०० अंश आहे, रायझन ७००० ची ९५, पण मी स्वतः जड स्ट्रेस टेस्टमधे ८५ च्या वर जाऊ देत नाही. उन्हाळ्यात खोली दहा अंशांनी तापली की सीपीयूही जवळपास तेवढाच वर जातो, ती जागा आत्ताच सोडून ठेवायची.

लोड आला की व्होल्टेज थोडं खाली बसतं, ते सावरायला लोड लाइन कॅलिब्रेशन असतं. ते मधल्या लेव्हलवर ठेवा. सगळ्यात कडक लेव्हल लावली की लोड सुटल्याच्या क्षणी व्होल्टेज वर उसळतं आणि ती उसळी सॉफ्टवेअरला दिसतही नाही. लेव्हलचे आकडे प्रत्येक बोर्डावर वेगळे, कुठे १ म्हणजे सगळ्यात कडक तर कुठे ८, मॅन्युअल वाचा.

रायझन ५००० किंवा नंतरचा असेल तर मी मॅन्युअल फिक्स क्लॉक करूच नका असं सांगेन. पीबीओ (एएमडीची आपोआप बूस्ट वाढवणारी सोय) चालू करून त्यातलं कर्व्ह ऑप्टिमायझर वापरा. सगळ्या कोअरना निगेटिव्ह १० पासून सुरू करा आणि पाच पाचने खाली जा. यात प्रत्येक क्लॉकला लागणारं व्होल्टेज कमी होतं, चिप थंड राहते आणि थंड राहिली म्हणून स्वतःच जास्त बूस्ट घेते, सिंगल कोअरचा बूस्टही हातचा जात नाही. एअर कूलरवाल्याला यापेक्षा चांगला सौदा नाही. एक मात्र आहे, इथे फुल लोडवर सगळं ठीक आणि रिकामा बसलेला असताना रिस्टार्ट, असं होतं, तेव्हा एकेक कोअर वेगळा टेस्ट करणारं टूल रात्रभर लावा.

शेवटची पारख प्राइम९५ किंवा ओसीसीटी या स्ट्रेस टेस्टवर, निदान एक तास. नंतर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधे व्हीया (WHEA) एरर, म्हणजे विंडोजने नोंदवलेल्या हार्डवेअरच्या चुका, शोधा. क्रॅश झाला नाही पण तिथे व्हीया एरर दिसली तर ओव्हरक्लॉक स्थिर नाहीये, मागे या.

मग रॅम, आणि इथे वेळ द्या. सीपीयू चुकला तर बहुतेक वेळा ब्लू स्क्रीन येऊन कळतं, रॅम चुकली तर गपचूप फाइल खराब करते. माझ्याकडे एकदा तीन आठवडे सगळं मस्त चालू होतं, गेम, बेंचमार्क, काही तक्रार नाही, आणि एक दिवस झिप फाइल उघडताना सीआरसी एरर (फाइल बिघडल्याची खूण) यायला लागल्या, मग बघतो तर त्या काळात कॉपी केलेल्या कितीतरी फोटोंचा खालचा अर्धा भाग राखाडी. जुना बॅकअप होता म्हणून फोटो वाचले. कारण नंतर कळलं: रॅम मी ग्राफिक्स कार्ड शांत असताना टेस्ट केली होती, गेम चालू झाला की कार्डाची गरम हवा वर रॅमवर यायची आणि तापल्यावर वाढवलेलं टीरेफी (रॅमच्या दोन रिफ्रेशमधलं अंतर) टिकत नव्हतं. म्हणून आधी बॅकअप, मग रॅम.

सीपीयू परत स्टॉकवर आणा. दोन स्टिक असतील तर चार स्लॉटच्या बोर्डावर साधारणपणे सीपीयूपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमधे. एक्सएमपी किंवा एक्सपो (एएमडीची तशीच सोय) चालू करा, आणि हाही ओव्हरक्लॉकच आहे, म्हणून टेस्ट हवीच. डीडीआर५ ला पहिल्या बूटला कितीतरी मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते, ट्रेनिंग चालू असतं, घाबरून बटण दाबू नका.

वर जायचं तर आधी हिशोब करा: सीएल (डेटा द्यायला रॅमला लागणाऱ्या सायकल) गुणिले २००० भागिले रॅमचा स्पीड, उत्तर नॅनोसेकंदात. ३२०० सीएल१६ म्हणजे १०, ३६०० सीएल१८ म्हणजेही १०, ३६०० सीएल१६ म्हणजे ८.९. आकडा मोठा झाला म्हणजे रॅम प्रत्येक बाबतीत वेगवान झाली असं नाही. रायझन ५००० ला ३६०० आणि फॅब्रिक (चिपचे भाग जोडणारी आतली वाट) १८०० ही जोडी धरा, रायझन ७००० ला ६०००. त्याच्या पलीकडे एकास एक गुणोत्तर (५००० मधे रॅम आणि फॅब्रिकचं, ७००० मधे रॅम आणि मेमरी कंट्रोलरचं) सुटायला लागतं आणि लेटन्सी, म्हणजे डेटा यायला लागणारा वेळ, उलटी वाढते. सॉक व्होल्टेज (सीपीयूमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाचं) १.३ च्या वर नको, रायझन ७००० साठी २०२३ मधे एएमडीनेच ती मर्यादा घातली. मेन टायमिंग (सीएल आणि त्याच्या जोडीचे आकडे) एकेक करून कमी करा, टीआरएफसी (रिफ्रेशला लागणारा वेळ, हा कमी करायचा) आणि टीरेफीला (हे वाढवायचं) सगळ्यात शेवटी हात लावा, त्यांचा फायदा चांगला आहे पण उष्णतेला सगळ्यात हळवे तेच. रॅमचं व्होल्टेज मी डीडीआर४ ला १.४५ आणि डीडीआर५ ला १.४० वर थांबवतो, तेही रॅमवर हवा येत असेल तरच.

टेस्ट पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ चे चार पास, मग विंडोजमधे टेस्टमेम५. एक एरर आली तरी नापास, "एकच तर आहे" असं इथे चालत नाही. आणि टेस्टमेम५ चालू असताना ग्राफिक्स कार्डलाही लोड द्या, डीडीआर५ असेल तर एचडब्ल्यूइन्फोमधे रॅमचं टेंपरेचर दिसतं, ते ५० च्या आसपास ठेवता आलं तर उत्तम.

दोन्ही वेगवेगळे पास झाले की एकत्र लावा आणि पुन्हा सगळ्या टेस्ट करा, एकत्र आल्यावर सीपीयूला एखादी पायरी खाली यावंच लागतं असं बऱ्याचदा होतं. बूटच झाला नाही तर वीज बंद करून बायोसचं सेटिंग पुसणारा क्लिअर सीमॉसचा जंपर जोडा किंवा बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी पाच मिनिटं काढून ठेवा. चालणारं सेटिंग बायोसमधे प्रोफाइल म्हणून सेव्ह करा, पण वहीतही लिहा, बायोस अपडेट केला की सेव्ह केलेली प्रोफाइल बऱ्याचदा जातात.