वाघ एकटा की टोळीत? ताडोबात कसं ओळखायचं

सफारी करून आलेले बरेच जण सांगतात की वाघांचा कळप बघितला, चार वाघ एकत्र होते. अहो तो कळप नसतो, ती आई आणि तिची पिल्लं असतात, पिल्लं साधारण दोन वर्षांची होईपर्यंत आईजवळ राहतात आणि तोपर्यंत अंगाने जवळपास तिच्याएवढी होतात, तिथे घोटाळा होतो.

तर प्राणी एकटा फिरणारा की टोळीतला हे ओळखायला आधी रस्त्यावरची धूळ बघा, सकाळच्या राउंडला, गाड्यांची चाकं सगळं पुसून टाकायच्या आत. वाघाच्या पगमार्कमध्ये, म्हणजे पंजाच्या ठशात, सहसा नखं उमटत नाहीत आणि बहुतेक वेळा ठशांची एकच ओळ रस्त्याकडेने गेलेली दिसते. रानकुत्र्यांच्या ठशात नखांची टोकं दिसतात आणि एकात एक मिसळलेले खूप ठसे असतात. रस्ते मिळतात तिथे एकाच जागी भरपूर विष्ठा पडलेली दिसली तर तेही टोळीचंच लक्षण, कारण रानकुत्रे ठरलेल्या जागी मिळून विष्ठा करतात.

मग गाडी बंद करायला सांगा आणि कान द्या. चितळ किंवा वानर ओरडलं तर शिकारी आहे एवढं कळतं, एक की दहा ते कळत नाही. पण झाडीतून बारीक शिट्टी आली तर रानकुत्रे जवळ आहेत समजा, पांगलेली टोळी शिट्टी मारूनच एकमेकांना शोधते. म्हणून एकच रानकुत्रा दिसला तरी लगेच पुढे जाऊ नका, दहा मिनिटं थांबा, बाकीचे मागून येतात.

शिकारीवरूनही कळतं. वाघ दबा धरतो, छोटी धाव, गळा पकडला की संपलं, आणि सांबर मारलं तर ओढत झाडीत नेऊन दोनतीन दिवस पुरवतो, त्याला वाटेकरी परवडत नाही. रानकुत्रा जेमतेम पंधरा-वीस किलोचा, एकट्याने सांबर पाडणं अवघड, म्हणून टोळी लांबवर पाठलाग करून दमवते, सांबर पाण्यात उतरलं तर काठावर घेरून थांबते. खाणं एकदम भराभर, थोड्या वेळात हाडंच उरतात.

आणि मला सगळ्यात जास्त आवडतं ते हे, टोळी शिकारीला गेली की कुणीतरी एक बिळाजवळ पिल्लांपाशी थांबतं, परत आलेले त्याला आणि पिल्लांना पोटातलं मांस ओकून भरवतात. पिल्लं सहसा टोळीतल्या एकाच मादीची असतात, सांभाळतात मात्र सगळे.

बिबट्या आणि अस्वल एकटेच. अस्वलाच्या पाठीवर पिल्लं दिसली तर ती मादी, तिच्यापासून गाडी लांबच ठेवायला सांगा. रानगव्यांचा कळप असतो पण म्हातारा नर बरेचदा वेगळा फिरतो, तो दिसला तर चुकलाय म्हणून काळजी करू नका.