हिरवी टिक म्हणजे टेस्ट पास असं नाही, पाइपलाइनमधल्या या चुका टाळा

युनिट टेस्ट पाइपलाइनमध्ये (कोड बदलला की बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा) टाकल्या की नवीन मंडळी फक्त हिरवी टिक बघतात आणि पुढच्या तिकिटाला लागतात, टेस्ट खरंच चालल्या का हे लॉग उघडून कोणी बघतच नाही. मला याचा खरंच वैताग आलाय.

एका टीममध्ये बघितलेलं सांगते. टेस्टचा आउटपुट फाइलमध्येही हवा म्हणून कोणीतरी कमांडला पाइप (|) लावून पुढे टी (tee, आउटपुट स्क्रीनवर आणि फाइलमध्ये दोन्हीकडे पाठवणारी कमांड) जोडलं. आता बॅश (कमांड चालवणारं शेल) पाइपमधल्या शेवटच्या कमांडचा एक्झिट कोड धरतो (शून्य म्हणजे सगळं ठीक), आणि टीचं काम नीट झालं की तो शून्यच देणार, म्हणजे टेस्ट धडाधड फेल होतायत आणि बिल्ड हिरवंगार. कार्टमध्ये एकच कूपन दोनदा लागत होतं, ते पकडणारी टेस्ट बिचारी प्रत्येक बिल्डच्या लॉगमध्ये ओरडत होती, तरी कोड लाइव्ह गेला! उपाय एका ओळीचा आहे, स्क्रिप्टच्या सुरुवातीला सेट -ओ पाइपफेल (set -o pipefail) लिहा, मग पाइपमधली कुठलीही कमांड फेल झाली तरी पूर्ण पाइप फेल धरला जातो. गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये शेल म्हणून बॅश स्वतः लिहिलं तर पाइपफेल आपोआप चालू होतं, काहीच नाही लिहिलं तर होत नाही, इथेच लोक फसतात. मी नवीन पाइपलाइन लावली की आधी मुद्दाम एक टेस्ट मोडते आणि बिल्ड लाल झालेलं बघितल्याशिवाय पुढे जात नाही.

दुसरं म्हणजे रिट्राय, फेल झालेली टेस्ट परत परत चालवणं. टेस्ट कधी पास कधी फेल होते ना, मग लावा तीन रिट्राय, नाहीतर स्लीप (टेस्टमधलं थांबणं) वाढवा. अरे पण कारण शोधा ना! बहुतेक वेळा आधीच्या टेस्टने डेटा तसाच सोडलेला असतो, किंवा तारखेचा घोळ असतो, कारण रनर (पाइपलाइनमध्ये टेस्ट चालवणारं मशीन) सहसा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ) चालतो आणि तुमचा लॅपटॉप नाही. मी टेस्टचा क्रम उलटसुलट करून चालवते आणि टेस्टमधलं घड्याळ फ्रीझ करते, यातच बरंचसं सापडतं.

बाकी पटापट. जावास्क्रिप्टची पॅकेजेस बसवायला एनपीएम इन्स्टॉल नको, एनपीएम सीआय (npm ci) वापरा, म्हणजे लॉक फाइलमध्ये नोंदवलेलीच व्हर्जन येतील. डीबग करताना लावलेलं डॉट ओन्ली (.only, बाकी सोडून फक्त तीच टेस्ट चालवणारं) काढायला विसरू नका, मोका या जावास्क्रिप्टच्या टेस्ट टूलमध्ये ते राहिलं तर फेल करायला फॉरबिड-ओन्ली (--forbid-only) आहे, लावून टाका. इम्पोर्टमध्ये कॅपिटल-स्मॉल तपासा, मॅकवर चालतं आणि लिनक्स रनरवर फाइल सापडत नाही. आणि युनिट टेस्टमधून खऱ्या एपीआयला कॉल करू नका, समोरचा सर्व्हर बंद पडला की तुमचा मर्ज अडकलाच.